दापोडीच्या अभ्यासिकेतला लाल टॅग

१

रविवारी दुपारी तीन वाजून दोन मिनिटांनी दापोडीच्या अभ्यासिकेत सगळं जग उघडत होतं. फक्त आम्रपालीची परीक्षा उघडत नव्हती.

तिने तीन कॉम्प्युटर बदलून पाहिले. मैत्रिणीच्या पडद्यावर सामान्यज्ञानाचे प्रश्न दिसत होते, शेजारचा मुलगा जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेत होता. तिच्या कंपनीचा पत्ता टाकला की मात्र पडदा पांढरा आणि मधोमध इंग्रजीत दोन ओळी. सव्वातीनला परीक्षेचं दार बंद व्हायचं होतं आणि ते झालं. चाकणच्या एका कंपनीत ट्रेनीची जागा होती. आम्रपालीने त्यासाठी पाच महिने मान वर केली नव्हती.

सोमवारी सकाळी तिने कंपनीला मेल लिहिली. कंपनी भलतीच दिलदार निघाली म्हणायची. उत्तर आलं: बिघाड तुमच्या बाजूच्या नेटवर्कमध्ये होता, तो नेमका कशामुळे झाला, हे अभ्यासिकेच्या चालकाने सहीनिशी दुपारी चारपर्यंत कळवावं. कारण पटलं तर आज साडेपाचच्या तुकडीत बसवू. नाही पटलं तर पुढच्या वर्षी.

अकरा वाजता तळवड्याच्या एका ऑफिसात सुखदाचा फोन वाजला.

"ताई, तुम्ही याल का? तो सर्व्हर तुम्ही आणि दादानं मिळून बसवला होता. दुसरं कुणी त्यातलं जाणत नाही."

सुखदा नेटवर्क इंजिनियर होती. असले बिघाड ती चहा पिता पिता काढायची. पण दापोडीच्या त्या गल्लीत तिने दोन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, आणि का ठेवलं नव्हतं ते आम्रपालीला नीट ठाऊक होतं. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ सिद्धेश. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून घडवणाऱ्या विभागात, तो दुरुस्तीसाठी यंत्रात वाकला होता. बटणावर त्याने स्वतःचा लाल टॅग लावला होता, नियमाप्रमाणे. कुणीतरी तो टॅग काढून बाजूला ठेवला आणि बटण दाबलं.

त्या महिन्यात सुखदा आणि सिद्धेश लग्नाच्या नोंदणीचा अर्ज भरणार होते.

"येते," सुखदा म्हणाली.

२

अभ्यासिका म्हणजे विहाराला लागून असलेली लांबट खोली. रेल्वेच्या रुळांकडे खिडक्या, भिंतीशी बारा जुने कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात लाकडी स्टुलावर तेरावा, सगळ्यांत म्हातारा. तोच प्रॉक्सी सर्व्हर. इंटरनेटची जोडणी एक आणि तोंडं बारा, म्हणून सिद्धेशने ही युक्ती केली होती. चाळीला एकच नळ असावा आणि नळावर एक खमकी बाई बसवावी, तसा हा डबा. कोणाला पाणी द्यायचं, कोणाला नाही, हे तो ठरवणार आणि प्रत्येक हंड्याची नोंद ठेवणार. डबा सुखदाच्या ऑफिसने भंगारात काढलेला होता. दोघांनी तो रिक्षातून मांडीवर घेऊन आणला होता.

डब्यामागच्या भिंतीवर त्याचं बटण होतं. बटणाला लाल टॅग लटकत होता, तोंड भिंतीकडे, कोरी पाठ लोकांकडे.

सुखदाने टॅगकडे बोट केलं. "हा कुणी लावला?"

"आम्हाला वाटलं, तुम्हीच कुणाला तरी पाठवलं असेल," आम्रपाली म्हणाली. "काल दुपारपासून आहे. म्हणून तर कुणी हात लावला नाही."

यात तिला काही वावगं वाटत नव्हतं, आणि सुखदालाही वाटलं नाही. या गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कारखान्यात राबलेलं. टॅग लागला की यंत्राला बोट लावायचं नाही आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा, हे इथे पोरांना मुळाक्षरांच्या आधी कळतं. सिद्धेश गेल्यापासून तर लाल रंग दिसला तरी माणसं दोन पावलं मागे सरत.

"पडद्यावर काय दिसत होतं, आठवतंय?"

आम्रपालीने वही पुढे केली. बिघाड झाला की आधी वेळ आणि शब्द लिहून ठेवायचे, ही दादाची शिकवण. ३:०२, ३:०४, ३:०९. प्रत्येक वेळेपुढे एकच वाक्य: टनेल कनेक्शन फेल्ड, म्हणजे बाहेरची वाट जोडता आली नाही.

सुखदाने ते दोनदा वाचलं.

"आम्रपाली, हे कंपनीचे शब्द नाहीत. तुझी हाक कंपनीपर्यंत पोचलीच नसावी. ती या खोलीतच अडली."

३

पण 'असावी'वर कंपनी परीक्षा घेत नसते. टॅगला आणि बटणाला न शिवता, फक्त नोंदी वाचायला, सुखदा डब्यापुढे बसली. पासवर्ड बदललेला नव्हता. सिद्धेशने ठेवला होता तोच, आणि तो टाइप करताना तिची बोटं दोनदा चुकली. हा पासवर्ड तिघांनाच ठाऊक होता: अभ्यासिका चालवणारे सिद्धेशचे वडील ज्ञानदेवकाका, वरची कामं बघणारा विक्की, आणि ती स्वतः.

तिने डब्याची नोंदवही उघडली. रविवार, तीन वाजून दोन मिनिटं. आम्रपालीच्या कॉम्प्युटरवरून कंपनीकडे मागणी, आणि पुढे आकडा: चारशे तीन.

कंपनीची साइट खरंच बंद असती, तर डब्याने बाहेर जाऊन दार ठोठावलं असतं आणि हात हलवत परत येऊन वेगळा आकडा लिहिला असता. चारशे तीनचा अर्थ, डबा उंबऱ्याबाहेर गेलाच नाही. त्याला सांगून ठेवलं होतं, या पत्त्यावर कुणालाही सोडायचं नाही.

तिने ती यादी उघडली. माथ्यावर सिद्धेशने मराठीत लिहून ठेवलं होतं: "बाबा, बंद करायच्या साइटचं नाव इथे खाली लिहा. बाकी कशालाही हात लावू नका, नाहीतर मला रात्रपाळीहून उठून यावं लागेल."

सुखदाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणूस जातो आणि त्याची थट्टा मागे राहते, याला काय म्हणावं तिला कळेना.

यादीत क्रिकेटच्या साइट होत्या, सिनेमाच्या होत्या, पत्त्यांच्या खेळाच्या होत्या. सगळ्यात खाली, कालच्या तारखेची एक ओळ होती. चाकणच्या कंपनीचा पूर्ण पत्ता, एकही अक्षर न चुकता.

बिघाड नव्हताच. कुणीतरी ठरवून ते दार लावलं होतं.

४

बातमी फुटायला वेळ लागला नाही. अभ्यासिकेच्या मंडळाचे अध्यक्ष रविराज आले तेच आवाज चढवून.

"विक्कीशिवाय दुसरं कोण? त्यानं पण त्याच जागेचा फॉर्म भरलाय. त्याची परीक्षा सकाळी अकराला झाली, झकास झाली. दुपारी हिचं नेट बंद! आंधळ्याला पण दिसेल."

विक्की चोवीस वर्षांचा, डिप्लोमावाला. भिंतीला टेकून उभा होता.

"ताई, आईशप्पथ, मी नाही. मी तर हॉटस्पॉट देणार होतो तिला. पण फोनच नव्हता ना हातात."

अभ्यासिकेचा नियम कडक होता. आत येताना फोन दाराजवळच्या कपाटात ठेवायचा आणि कपाटाला कुलूप लावायचं.

"किल्ली कुठे होती?" सुखदाने विचारलं.

"काकांकडे. एरवी ते बाहेर जाताना माझ्याकडे देतात. काल अडीचला मंडईत गेले ते किल्ली घेऊनच. विसरले असतील. आम्रपाली घरी पळाली, पण आईचा फोन बटणांचा."

"बघा, आता काकांवर ढकलतोय!" रविराज म्हणाले. "आजपासून अभ्यासिका बंद तुला. आणि मी पोलिसात—"

"पोराला बोलू नका, साहेब."

ज्ञानदेवकाका दारात उभे होते. तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, हाताची दोन नखं कायमची काळी. दोन वर्षांत फार वाळले होते. "विक्कीनं काय बी केलेलं नाय. मला ठाव हाय."

"कसं ठाव आहे तुम्हाला?" रविराजांनी विचारलं.

काकांनी सुखदाकडे एकदा पाहिलं, हात जोडून "जयभीम, पोरी" एवढंच म्हणाले आणि वळून घराकडे चालू लागले.

५

घर चार पावलांवर होतं. तानुबाईंनी, सिद्धेशच्या आईने, दारातच सुखदाचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्यांना सुखदा-सिद्धेशचं सगळं ठाऊक होतं. नोंदणीच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करायला त्या तयार झाल्या होत्या.

काका मागच्या पडवीत पाठमोरे बसले होते.

"जेवलेत का काका?"

"कालपासून अन्नाला शिवलं न्हाईत," तानुबाई चहा ओतताना हळूच म्हणाल्या. "लेकीची परीक्षा बुडाली, ते मनाला लावून घेतलंय, असं मला वाटलं. पर काल दुपारच्याला, परीक्षेच्या आदीच, ह्यांनी सिद्धूची पेटी उघडली. दोन वर्सं तिला हात लावला न्हवता. कंपनीनं त्याचं सामान पाठवलं तवाच कुलूप घातलं हुतं. मी इचारलं, काय पायजेल? तर म्हनले, काय न्हाई, वारा लागू दे."

सुखदाच्या हातातला कप बशीत ठेवला गेला. चहा तसाच राहिला.

ती परत अभ्यासिकेत आली. अडीच वाजले होते. तिने नोंदवही पुन्हा वरपासून वाचायला घेतली, आणि मघाशी नजरेतून निसटलेली गोष्ट आता समोर आली. रविवारी दोन वीस ते दोन सव्वीस, एकही नोंद नव्हती. सहा मिनिटं अख्ख्या खोलीचं नेट गेलं होतं.

"विक्की, इकडे ये. यादीत नवीन नाव घातलं, तर ते लागू कसं करतोस?"

"एक कमांड देतो ना. तुम्हीच शिकवलीय. एक सेकंद पण नेट जात नाही."

"आणि काका?"

विक्की हसला, सकाळपासून पहिल्यांदाच. "काकांना कमांड कुठली येतेय! ते नाव लिहितात आणि सरळ बटण बंद करून चालू करतात. म्हातारा डबा उठायला पाच-सहा मिनिटं घेतो, मग सगळी पोरं ओरड—"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्याचं हसूही तिथेच थांबलं.

सुखदा उठली. टॅग काढायचा नाही, पण वळवून बघायला नियमाची आडकाठी नाही. तिने बोटाच्या टोकाने तो फिरवला.

वर पांढरी अक्षरं होती: धोका. माणूस कामावर आहे. हात लावू नये. खाली नाव, सिद्धेश, आणि त्याखाली त्याचा फोटो. निळा शर्ट, केस नुकतेच विंचरलेले. तो फोटो सुखदानेच काढला होता, याच खिडकीपाशी, आणि हसू नकोस म्हणून तीनदा दटावलं होतं. तरी तो हसलाच होता.

६

पडवीत ती काकांच्या शेजारी जमिनीवर बसली. आम्रपाली तिच्या मागोमाग आली होती. सुखदाने तिला थांबवलं नाही. लेकीला कळायचंच होतं, तर बापाच्या तोंडून कळावं.

"काका, ज्यानं दार लावलं त्याला यादी ठाऊक होती, पण कमांड येत नव्हती. म्हणून सहा मिनिटं नेट गेलं. फोनची किल्ली त्याच्याच खिशात होती. आणि तो टॅग पेटीत होता. पेटी या घरात आहे." ती त्यांच्याकडे वळली. "मला चूक ठरवा, काका. खरंच, मला चूक ठरवलेलं आवडेल."

काकांनी मान हलवली नाही. "चूक कशाला आसशील. तुज्या डोक्याचं सिद्धू लई कौतिक करायचा."

"बाबा?" आम्रपाली म्हणाली. एवढा एकच शब्द.

"चाकण," काका म्हणाले. "प्रेसशॉप. फळ्यावर तुजं प्रवेशपत्र लावलं हुतंस, तितं वाचलं मी. एक पोर त्या यंत्रानं खाल्लं. दुसरं मी माज्या हातानं पाठवू? तुला नको म्हनलो असतो तर तू आयकलं असतंस? आयकलं नसतंस. तू त्याचीच भन हायस."

"म्हणून पाच महिने माझे—"

"व्हय. गुन्हा केला मी." ते पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. "बटण चालू केलं आन् भ्या वाटलं, विक्की यील, बघंल, दुरुस्त करील. मंग पेटी उघडली. म्हनलं, पोरं भिंतीकडं तोंड करून बसल्यात, कुनी बघत न्हाई, त्याचा टॅग लावतो. बघू, कोन मानतंय का."

त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढून मुठीत धरला.

"समद्यांनी मानला, पोरी. बारा पोरं, एकानं हात लावला न्हाई. कपड्याचा तुकडा हलवावा तसा तितं चाकणात काडून ठिवला हुता, आन् हितं... हितं समद्यांनी मानला." काकांनी तोंडावर पंचा धरला. "मी मंडईत गेलोच न्हाई. विहाराच्या मागं बसलो हुतो. संध्याकाळी काडायला गेलो, तर हात वर जाईना. ज्यानं लावला त्यानंच काडायचा. कसा काडू मी? नाव तर त्याचं हाय."

आतून तानुबाईंचा हुंदका आला. सुखदा रडत होती आणि ते लपवण्याच्या भानगडीत पडली नाही.

आम्रपाली मात्र रडत नव्हती. ती जमिनीकडे बघत एकेक शब्द जुळवत होती.

"लावणारा हजर नसेल," ती म्हणाली, "तर सेफ्टीच्या माणसानं यंत्र स्वतः तपासायचं. कुणी आत नाही ना, ते डोळ्यांनी बघायचं. दोन साक्षीदार उभे करायचे. वहीत लिहायचं. मगच टॅग काढायचा."

"तुला कुनी शिकिवलं ह्ये?"

"माझ्या अभ्यासक्रमातलं पहिलं पान आहे, बाबा. मी यंत्रावर नाही चालले. सेफ्टी ट्रेनीची जागा आहे ती. प्रवेशपत्रावर नुसतं ट्रेनी लिहितात. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण चाकणचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता." आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दादाचा टॅग ज्यानं काढला, त्याचा हात धरायला तिथं कुणी नव्हतं. मला तिथं उभं राहायचं होतं."

काका लेकीकडे बघत राहिले. एका घरात, एका ताटापाशी बसणारी दोन माणसं, दोघंही सिद्धेश गेला त्या एकाच दिवसापायी झुरत होती आणि एकमेकांना चाहूल लागू देत नव्हती.

७

साडेतीन वाजले होते.

"नुसता तांत्रिक बिघाड असं लिहिलं तरी चालेल, काका," सुखदा म्हणाली. "सही तुमचीच लागणार. उगीच तुमची शोभा कशाला?"

"कारन मागितलंय ना त्यांनी? कागुद दे."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, सावकाश, मशीनवरच्या नोंदी लिहीत तसं. मी ज्ञानदेव, अभ्यासिकेचा चालक. आपली साइट मीच बंद केली. माझा मुलगा चाकणला कामावर असताना गेला, मुलीसाठी मला भीती वाटली. मुलीचा दोष नाही. विक्कीचा दोष नाही. खाली सही. सुखदाने नोंदवहीतल्या ओळी जोडल्या आणि तीन वाजून एकावन्न मिनिटांनी मेल विक्कीच्या फोनवरून गेली. विक्कीपुढे काकांनी हात जोडले, तेव्हा तो "काका, राहू द्या ना, काका" म्हणत पळूनच गेला. रविराज खिडकीबाहेर बघत होते.

चार वीसला उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. साडेपाचच्या तुकडीत बसावे. आणि खाली, ते पत्र वाचणाऱ्या कुणीतरी स्वतःहून जोडलेली ओळ: वडिलांना आमचा नमस्कार सांगा.

मग आम्रपालीने टॅग काढला. आधी डबा तपासला, तारा तपासल्या. अभ्यासिकेची वही उघडून वेळ लिहिली. साक्षीदार म्हणून आई आणि सुखदाच्या सह्या घेतल्या. तानुबाईंनी नाव लिहिलं, सुखदाने तिच्याखाली. दोघींची नावं एकाखाली एक अशी कागदावर पहिल्यांदाच आली होती.

टॅग हातात आल्यावर आम्रपालीने तो सुखदापुढे धरला. सुखदाने फोटोवरून अंगठा फिरवला आणि तो काकांच्या खिशात ठेवला.

यादीतली शेवटची ओळ तिने पुसली. माथ्यावरची, बाबांसाठी लिहिलेली, तशीच राहू दिली. मग ती एक कमांड दिली. नेट एक सेकंदही गेलं नाही.

साडेपाचला आम्रपालीने पत्ता टाकला. सुखदाच्या पडद्यावर नोंद उमटली. चारशे तीन नव्हतं. दोनशे. डबा उंबरा ओलांडून गेला होता. नोंदींमागून नोंदी येत राहिल्या.

काका बटणापाशी जाऊन उभे राहिले. पालथा हात बटणावर झाकणासारखा धरला. तानुबाईंनी खुर्ची आणून दिली, ते बसले नाहीत. रविराज म्हणाले, "काका, कोण बंद करतंय आता?" काकांनी ऐकलं नसावं. दीड तास ते तसेच उभे होते. हात भरून आला की दुसरा हात लावत, पण बटण उघडं पडू देत नव्हते.

सात वाजता आम्रपाली उठली. "झालं, बाबा. सगळं सोडवलं. आता काढा हात."

त्यांनी हात काढला नाही. ते सुखदाकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तितं बी कुनीतरी आसंच हुबं राह्यलं असतं, तर काय झालं असतं गं पोरी?"

सुखदाने त्यांचा हात धरून बटणावरून खाली घेतला आणि घरी जाईपर्यंत सोडला नाही.